सहा आणे जमीन

नोटारबाई वाचत होत्या. खरेदीखताची २२ पानं, सगळी एका सुरात, आणि वेग असा की श्रावणात आमच्याकडे पोथी लावायचे तेव्हा शेवटच्या अध्यायांना आप्पाकाका धरायचे तो. टेबलापलीकडे घर विकणाऱ्या आजी आणि त्यांचा मुलगा. अलीकडे मी एकटीच. मधे पाण्याचे ग्लास आणि एका बशीत बिस्किटं. सव्वा तासात त्यांना कुणीही हात लावला नाही.

ही गोष्ट २०२४ च्या ऑक्टोबरची, स्टुटगार्टची. चाकणच्या कारखान्यातून मी इकडे आले २०१४ मध्ये, दोन वर्षांसाठी. त्या दोन वर्षांची दहा कशी झाली हे इकडे आलेल्या कुणालाही विचारा. सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकानं सारखीच असते.

आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून, शिक्का आणि लाल सील घेऊन बसलेले गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. इथला नोटार ही वेगळीच असामी. सरकारनं नेमलेला कायदेतज्ज्ञ, ना विकणाऱ्याचा ना घेणाऱ्याचा. त्याच्यासमोर दस्त झाला नाही तर घराचा व्यवहार झालाच नाही असं धरतात. आणि तो दस्त मोठ्यानं वाचून दाखवावाच लागतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मसुदा दोन आठवडे आधी घरी आला होता, शब्दकोश घेऊन मी तो तीन रंगांच्या पेनांनी रंगवला होता, तरीही. घेणाऱ्याला भाषा पुरेशी कळत नसेल तर दुभाष्या बसवावा लागतो. नोटारबाईंनी सुरुवातीलाच मला विचारलं, जर्मन कळतं ना? मी हो म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नसावा, कारण आठव्या पानावर थांबून त्यांनी चष्म्यावरून पाहत प्रश्न टाकला, ‘घराचा खर्च तुमच्याकडे कोणत्या दिवसापासून येतो?’ ‘चावी हातात येईल त्या दिवसापासून.’ ‘बरोबर,’ त्या म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या. चाळिशीला टेकल्यावर कुणीतरी तोंडी परीक्षा घेतली आणि मी पास झाले.

पहिल्या पानावर माझी ओळख होती. नाव, जन्मतारीख, पत्ता, अविवाहित, भारतीय नागरिक. लग्न झालेलं असतं तर पुढे चार प्रश्न निघाले असते, कारण नवरा-बायकोच्या मालमत्तेला कोणत्या देशाचा कायदा लागतो ते पाहावं लागतं. ‘भारतीय नागरिक’ या शब्दांतून मात्र एकही प्रश्न निघाला नाही. जर्मनीत घर विकत घ्यायला नागरिक असावं लागत नाही. इथं राहत असावं अशीही अट नाही. याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे: घर घेतलं म्हणून इथं राहायचा हक्क मिळत नाही. व्हिसाची खिडकी वेगळी, घराची वेगळी, आणि दोन्ही खिडक्यांमागची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत.

सगळीकडे असं नाही. माझी मावसबहीण सिंगापूरला असते. तिथं परक्या नागरिकानं घर घेतलं तर एप्रिल २०२३ पासून किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क पडतं. म्हणजे पाच घरं घ्यायची तर आठ घरांचे पैसे. कॅनडानं २०२३ पासून परदेशी खरेदीदारांना दारच लावून घेतलंय आणि ते २०२७ उजाडेपर्यंत लावलेलं राहणार आहे. तेव्हा जर्मनीत माझं नशीब बरं म्हणायचं.

तर नोटारबाई वाचत होत्या, आणि बाराव्या-तेराव्या पानावर माझं लक्ष उडालं. डोळ्यांसमोर आलं आमच्या तालुक्याचं दुय्यम निबंधक कार्यालय.

बाबा २०२१ मध्ये गेले. साडेतीन एकर जमीन, तीही दोन तुकड्यांत. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर तीन नावं लागली: आई, दादा आणि मी. आईचं नाव त्या कागदावर चढायला बाबांना जावं लागलं, हे मी तेव्हा मनात नोंदवलं होतं, बोलले नव्हते. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला गेले तेव्हा दादा म्हणाला, ‘आलीच आहेस तर ते हक्कसोडचं पण उरकून घेऊ. परत कधी येशील कुणास ठाऊक.’ त्यानं मागितलं नव्हतं. गृहीत धरलं होतं. मीही धरलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. आमच्याकडे बहिणी सही करतात. आत्यांनी केली, मावश्यांनी केली. सही करणारीला साडी मिळते आणि माहेर शाबूत राहतं. न करणारीबद्दल चारचौघांत बोललं जातं. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांइतका वाटा १९९४ सालीच देऊ केला, केंद्राचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला. कायदा आला तसा हक्कसोडपत्राचा छापील नमुनाही आला.

कार्यालयात आमचा नंबर लागला तो जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. वेबकॅमकडे बघा, अंगठा दाबा, इथं सही, इथं सही, मागच्या पानावर सही. दोन ओळखदार दादाचे मित्र होते, त्यांची बाहेर चहावर गप्पांची घाई. सगळं मिळून दहा मिनिटं. शेवटच्या ओळीत छापलं होतं की सदर दस्त मी वाचून पाहिला, समजून घेतला आणि तो मला मान्य आहे. मी फक्त तेवढीच ओळ वाचली होती.

दादा वाईट नाही. आईचं औषधपाणी तो बघतो, विहिरीचा गाळ तो काढतो, उसाचं बिल थकलं की कारखान्यात खेटे तोच मारतो. मी फेरफार बघून रडले वगैरे अजिबात नाही. पण स्टुटगार्टच्या फॉयरबाख भागातल्या त्या नोटारच्या ऑफिसात एक अनोळखी बाई माझ्यासाठी घसा कोरडा करून २२ पानं वाचत होती, आणि माझ्या स्वतःच्या जमिनीचा कागद मला कुणी दोन मिनिटं वाचून दाखवला नव्हता. मी म्हटलंही नव्हतं, वाचा म्हणून.

असो. पैशांचं सांगते, कारण वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना तेच हवं असणार.

घर तीन खोल्यांचं, ७४ चौरस मीटर, किंमत ३,४०,००० युरो. आपण ‘तीन खोल्या’ म्हणतो तसंच इथंही म्हणतात, बीएचके नाही. स्वयंपाकघर मोजणीत नसतं, आणि पुष्कळदा घरातही नसतं. जर्मन माणूस घर सोडताना ओटा, कपाटं, सिंकसकट स्वयंपाकघर उचकटून नेतो. भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ आणि एक वायर एवढंच मागे राहतं. आजी वृद्धाश्रमात निघाल्या होत्या, म्हणून त्यांनी स्वयंपाकघर माझ्यासाठी ठेवलं आणि त्याची वेगळी किंमत लावली, शेगडीच्या वयासकट लिहून.

किमतीवर चढणारा खर्च अंगावर येतो. खरेदीचा कर प्रत्येक राज्याचा वेगळा: बव्हेरियात साडेतीन टक्के, बर्लिनमध्ये सहा, आमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये पाच. म्हणजे १७,००० युरो. दलालाची दलाली व्हॅटसकट ३.५७ टक्के, आणि तीही माझ्या वाट्याची. डिसेंबर २०२० पासून दलाली विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं वाटून घ्यायची असा कायदा झालाय, त्याआधी बऱ्याच ठिकाणी घेणाराच सगळी भरायचा. नोटार आणि नोंदणीचे आणखी दोनेक टक्के. सगळं मिळून ३६,००० च्या आसपास, आणि हे बँक देत नाही, ते आपल्या गाठीचे असावे लागतात. पुण्याच्या एका मित्रानं फोनवर खाजगी आवाजात विचारलं, ‘ब्लॅकचं किती मागतात तिकडे?’ त्याला सांगितलं, एप्रिल २०२३ पासून इथं घराचे पैसे रोखीनं देताच येत नाहीत. सोन्यानंही नाही, कायद्यात सोन्याचा वेगळा उल्लेख आहे. त्याला खरंच वाईट वाटलं.

पहिल्या बँकेतल्या तरुणानं माझा इथं राहण्याचा परवाना हातात घेऊन विचारलं होतं, ‘हा दीड वर्षात संपतो आणि कर्ज तीस वर्षांचं. मधली साडेअठ्ठावीस वर्षं तुम्ही कुठे असाल?’ प्रश्न उद्धट नव्हता, हिशोबी होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. कायम वास्तव्याचं कार्ड आलं तेव्हा दुसऱ्या बँकेत गेले, तिथं हा प्रश्न निघालाच नाही. पहिली दहा वर्षं व्याज ठरलेलं, साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर. पुढचं पुढे.

या भागातल्या लोकांना श्वाबेन म्हणतात. कंजूष म्हणून त्यांच्यावर सगळी जर्मनी विनोद करते, जसे आपल्याकडे काही गावांवर होतात. (कोणत्या ते सांगत नाही, नातेवाईक तिथले आहेत.) यांची एक म्हण आहे: शाफं, शाफं, होयस्लं बाउअं. राबा, राबा, घरटं बांधा. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा लगेच आपलं ‘घर पाहावं बांधून’ आठवलं. पण आपल्या म्हणीत घर बांधणाऱ्याची दमछाक आहे, यांच्या म्हणीत तक्रारीला जागाच नाही. आणि यांनी घरासाठी भिशी काढली होती! हाइलब्रोनजवळ व्यूस्टेनरोट नावाचं खेडं आहे. पहिल्या महायुद्धानंतर घरांची वानवा होती, तेव्हा तिथल्या गेओर्ग क्रोप नावाच्या माणसानं १९२१ मध्ये ‘मित्रांचा समाज’ काढला. सगळ्यांनी थोडे थोडे साठवायचे आणि त्या साठ्यातून एकेकाला घरासाठी कर्ज द्यायचं. त्यातून देशभरच्या घरबचत संस्था उभ्या राहिल्या, आजही इथले आजी-आजोबा नातवाच्या नावानं असं खातं उघडतात. इतकं असूनही या देशात निम्म्याहून जास्त लोक भाड्यानंच राहतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. आईला हे कधीच पटलं नाही. ‘एवढा श्रीमंत देश आणि स्वतःचं घर नाही?’

आईचा आणि माझा खरा संवाद सुरू झाला तो मी ग्रुंडबुखचं बोलले तेव्हा.

सही झाली की घर आपलं होत नाही. आधी जमिनीच्या वहीत, म्हणजे ग्रुंडबुखमध्ये, आपल्या नावाची आगाऊ नोंद पडते, की हे घर अमक्या बाईला द्यायचं ठरलंय, मधे कुणी हात घालू नये. मग पैसे. मग कर. मग कर खात्याचा एक दाखला येतो, त्याचं नाव ‘उनबेडेंकलिशकाइट्सबेशाइनिगुंग’. हा एकच शब्द आहे. अर्थ लागल्यावर हसू आलं: ना हरकत दाखला. तो आल्याशिवाय मालक म्हणून नाव चढत नाही. माझं चढायला तीन महिने लागले.

उताऱ्याची पानं आली तेव्हा मी ती व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. आधी घर कुठलं, जमीन कुठली, क्षेत्र किती. मग पहिला भाग, त्यात मालकाचं नाव. दुसऱ्या भागात वाटेचे, वहिवाटीचे हक्क. तिसऱ्यात कर्ज.

‘म्हणजे इतर हक्क,’ आई म्हणाली. ‘बोजा कुणाचा हाय?’

‘बँकेचा.’

‘फेडला की आपोआप उतरतो का अर्ज करावा लागतो?’

जन्मभर विकास सोसायटीचं पीककर्ज बघितलेल्या बाईला तिसरा भाग समजावून सांगायची गरज नव्हती. अर्ज करावा लागतो, हे मलाच शोधून तिला सांगावं लागलं, आणि तोही नोटारकडून.

आता जमीन. आपल्याकडे फ्लॅट घेतला की सोसायटीचा शेअर दाखला मिळतो, खालची जमीन सोसायटीच्या नावावर व्हायची, आणि बिल्डरनं कन्व्हेयन्स केलं नाही तर तीही होत नाही. पुण्यात माझ्या काकांची सोसायटी या एका शब्दावर म्हातारी झाली. इथं १९५१ च्या कायद्यानं प्रत्येक फ्लॅटला जमिनीचा वाटा चिकटलेला असतो, हजाराव्या भागांत मोजलेला. घर विकलं की वाटा बरोबर जातो, वेगळा काढता येत नाही. आमच्या इमारतीत बारा घरं, जागा ४५० चौरस मीटर, माझा वाटा १,००० पैकी ८६.

आईनं विचारलं, ‘म्हणजे गुंठे किती?’

४५० चे ८६ हजारांश म्हणजे ३८.७ चौरस मीटर. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. मी फोनमधलं यंत्र उघडेपर्यंत तिचा हिशोब झाला होता. ‘सहा आणे,’ ती म्हणाली. सोळा आण्यांचा गुंठा, त्यातले सहा आणे. ‘आणि नाव तुझं एकटीचं?’

‘एकटीचं.’

ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, मग तिनं ‘वरचं पान परत दाखव’ म्हटलं, आणि मी नावाचं पान कॅमेऱ्यासमोर धरून ठेवलं, हात दुखेपर्यंत. तिला रोमन अक्षरं नीट लागत नाहीत. पण माझं आडनाव तिनं बोटानं स्क्रीनवर शोधलं असावं, कारण पडदाभर तिचं बोटच दिसत होतं.

यानंतर महिन्याभरानं मला एक गोष्ट कळली. खरं तर ती मला आधीच माहीत असायला हवी होती. चुलतभाऊ सीए आहे, त्याच्याशी कसलं तरी खात्याचं बोलणं चाललं होतं. दादा बांधालगतचे पाच गुंठे विकत घेणार होता आणि त्याला पैसे कमी पडत होते. मी म्हटलं, मी घालते, माझं नाव लाव. चुलतभाऊ म्हणाला, ‘ताई, तुला घेता येत नाही.’ मी म्हटलं, मी शेतकऱ्याची मुलगी आहे, नागरिकत्व अजून भारताचं आहे. ‘पासपोर्टचा प्रश्न नाही. तू बाहेर राहतेस. फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमात परदेशी राहणाऱ्या भारतीयाला फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं. शेतजमीन, मळा, फार्महाऊस नाही. विकत नाही आणि बक्षीसही नाही.’ म्हणजे उद्या दादानं प्रेमानं दोन गुंठे मला बक्षीसपत्र करून द्यायचे म्हटले तरी होत नाही. ‘फक्त वारशानं आलेली ठेवता येते,’ तो म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं विषय बदलला.

ते एकच दार होतं, आणि ते मी दहा मिनिटांत, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर, ओढून घेतलं होतं.

जर्मनीनं जून २०२४ पासून पाच वर्षांवर नागरिकत्व द्यायला सुरुवात केली आहे, आणि आधीचं नागरिकत्व ठेवा असंही म्हणतात. पण भारत दुसरं घेतलं की पहिलं काढून घेतो. ओळखीतली बरीच मंडळी अर्ज भरून मोकळी झाली. माझा अर्ज टेबलाच्या खणात आहे. जमिनीपुरतं पाहिलं तर त्यानं काही फरक पडणार नाही, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डवाल्यालाही हेच नियम. तरी तो खणात आहे.

घरात राहायला गेले त्या संध्याकाळी दाराच्या मुठीला दोरीनं एक पाटी लटकत होती. त्यावर लिहिलं होतं ‘केरवोखं’. मी अक्षरशः दचकले. केर? जर्मनमध्ये झाडण्याला ‘केरन’ म्हणतात, वोखं म्हणजे आठवडा. ज्याच्या दारावर पाटी त्या घरानं आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा, थंडीत दारापुढचा बर्फ काढायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. श्वाबेन लोकांचा हा कुळाचार आहे, त्याचं मूळ स्टुटगार्टच्या १४९२ च्या नियमांत सांगतात. आजी चावीबरोबर चिठ्ठी ठेवून गेल्या होत्या: कोणती बादली, किती पाणी, आणि तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कोपरे तपासतात. भाड्यानं राहत होते तिथं सफाईला माणूस यायचा. मी शनिवारी सकाळी जिना पुसला, वरून खाली, आणि कोपरे दोनदा. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उतरताना थांबले, कोपऱ्याकडे पाहिलं, ‘गुटन मोर्गन’ म्हणाले. इकडे एवढं म्हणजे शाबासकी.

मागच्या वसंतात मालकांची पहिली सभा झाली. मागच्या आवारात नासपतीचं जुनं झाड आहे. फळं पडतात, गांधीलमाश्या येतात, मुळांनी फरशी उचलली आहे, सबब तोडावं असा ठराव होता. आमच्या इमारतीत मतं डोक्यांनी मोजत नाहीत, हजारांशांनी मोजतात. व्यवस्थापक प्रत्येकाचं नाव घेऊन आकडा बोलत होता आणि लिहीत होता. माझ्या नावावर आला, आडनाव वेडंवाकडं उच्चारलं, आणि म्हणाला, ‘८६. विरुद्ध.’ तोडा म्हणणारे ४१२, नको म्हणणारे ४९८, बाकीचे तटस्थ.

रात्री आईला सांगितलं की माझे ८६ काढले तर दोन्हीकडे ४१२ च राहतात. झाड तुझ्यामुळे वाचलं म्हणून तिनं ते शेजारच्या काकूंनाही तिथल्या तिथे ओरडून सांगितलं. बरोबरी झाली असती तरी ठराव पडलाच असता, म्हणजे झाड तसंही वाचलं असतं, हे मी तिला सांगितलं नाही.

‘फळं कुणाची?’ तिनं विचारलं.

‘सगळ्यांची. पण फांदी पलीकडे गेलीय, तिकडे पडलेली शेजाऱ्याची. तसा कायदाच आहे.’

बांधावरच्या आंब्यावरून दोन पिढ्या चाललेलं भांडण पाहिलेली माझी आई थोडा वेळ गप्प राहिली.

‘आणि त्यानं रात्री येऊन झाड हलवलं तर?’